आरपार दिसणारा हार

गंगापूर रोडवरच्या माझ्या खोलीत सकाळ थेट कधी आलीच नाही. खिडकी पश्चिमेची. त्यामुळे ऊन आधी समोरच्या उंच इमारतीच्या भिंतीवर जाई, तिथल्या पिवळट रंगात जरा वेळ मुरे, आणि मग तिथून परतलेला, काहीसा निवलेला उजेड माझ्या वाट्याला येई. जानेवारीत तर तो धुक्यातून गाळून आल्यासारखा असे. आधी छताच्या कोपऱ्यात एक फिकट डाग उमटे. तो डाग आहे की नुसता भास, हे ठरायला बराच वेळ जाई. मग तो भिंतीवरून खाली सरकत दोरीवरच्या टॉवेलवर येई, टॉवेलवरून माठाच्या ओल्या पोटावर, आणि तिथे थोडा थबके. पाण्याचा एखादा थेंब माठावरून ओघळताना त्या उजेडाचा कण सोबत घेऊन फरशीपर्यंत जाई व तिथे विझे. मी अंथरुणातूनच हे पाहत पडलेला असे. सातपूरच्या कारखान्यात माझी पाळी नऊची. तोपर्यंत कोणाशी एक शब्दही बोलावा लागत नसे. दिवसातला तेवढाच भाग मला माझा वाटे. खाली दूधवाल्याची सायकल खडखडे, कुणाच्या तरी घरी स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येई, पण हे सगळे दुसऱ्यांचे असे. माझ्याकडे फक्त तो उसना उजेड आणि त्याची संथ, कोणालाही न विचारणारी चाल.

त्या दिवशी उजेड माठापर्यंत आला होता आणि दार वाजले.

बाहेर साध्या वेशातला एक हवालदार उभा होता. पोलिसांत आहे हे त्याच्या बुटांवरून कळले. आत येऊन तो खुर्चीवर बसला, मफलर सोडून मांडीवर ठेवला आणि म्हणाला, पुंजा धोंडीराम हे तुमचेच वडील ना, मखमलाबादचे, फुलवाले? दिल्लीचे मोठे नेते पुढच्या आठवड्यात सभेला येणार होते. स्वागताला व्यासपीठावर जी माणसे जाणार त्यांत वडिलांचे नाव होते, आणि हल्ली अशा प्रत्येक नावाची चौकशी करावी लागते. नाव सुचवणाऱ्या, आमच्या गावच्या वाळूशेठनी पत्ता माझा दिला होता, कारण मी शहरात राहतो आणि शिकलेला आहे. त्याचे प्रश्न साधे होते. कधी कुठल्या मोर्चात होते का. कुणाशी वैर. भाऊबंदकी. दारू. मी मान हलवत गेलो. मग उठता उठता त्याने विचारले, "आजारबिजार काही? फिट येणं, डोक्याचं काही?"

"नाही," मी म्हणालो. "तसं काही नाही."

तो गेला. मी दार लावले. उजेड फरशीवर येऊन पडला होता, आणि एवढ्यात तो खोलीत कसा पसरला हे मी पाहिलेच नव्हते. एक अनोळखी माणूस येतो आणि मुलाला विचारतो की तुझे वडील कसे आहेत. हा प्रश्न खरे तर नातेवाईक रोज विचारतात, आणि रोजच आपण बरे आहेत म्हणतो. पण या माणसाला उत्तर खरोखर हवे होते. त्या दिवशी कारखान्यात मी मापाचे गेज हातात धरून कितीतरी पोकळ बुशिंगे तपासली, आणि प्रत्येक वेळी गेज आत सरकले की मला वाटे, मी कुणाला तरी 'तसं काही नाही' म्हणतो आहे.

माझे वडील, नाना, यांनी आयुष्यभर फुले पिकवली आणि हार केले. आमचा मळा लहान. झेंडू, शेवंती, निशिगंध, मोगरा, गुलाबाचे दोन-चार वाफे. पहाटे तोडणी, मग सराफ बाजारातला फूलबाजार. पण नानांचे नाव झाले ते मोठ्या हारांमुळे. लग्नातले हार कोणीही करतो; सभेतला हार करायला वेगळा हात लागतो, असे ते म्हणत. भाताच्या पेंढ्याची मनगटाएवढी दोरी वळायची, ती ओल्या फडक्यात गुंडाळायची आणि तिच्यावर फुलांचे थर शिवत जायचे. पेंढा ओल धरून ठेवतो, त्यामुळे तीन तास भाषण चालले तरी फूल मान टाकत नाही. असा हार दोघांनी उचलून न्यावा लागे. व्यासपीठाच्या पायऱ्या नाना स्वतः चढत. पुढारी मान खाली घालत, नाना टाचा उंचावत, आणि हाराची गाठ मानेमागे बरोबर मणक्यावर बसवत. खाली उतरल्यावर ते आम्हाला सांगत त्यात राजकारण कधीच नसे. एकाच्या केसांना आवळ्याच्या तेलाचा वास होता. दुसऱ्याच्या मानेवर घामोळे उठले होते. "एवढा मोठा मानूस," नाना म्हणत, "पर मान वाकवली का समदे सारखेच. मागून पाहिलं तर लेकरावानी दिसत्यात." मला वाटते, नानांना पुढाऱ्यांचे आकर्षण नव्हतेच. त्यांना तो एक क्षण हवा असे, ज्यात कोणीतरी पूर्ण विश्वासाने आपली मान त्यांच्या हातांत देई.

एक्याण्णवच्या मे महिन्यातली ती सकाळ मला अजून दिसते. मी तेव्हा कॉलेजात होतो, सुटीला घरी. नाना, आई आणि बहीण प्रतिभा मोगरा तोडत होती, मी बांधावर रेडिओ घेऊन बसलो होतो. आदल्या रात्री दक्षिणेतल्या एका निवडणूक सभेत माजी पंतप्रधानांची हत्या झाली होती. हातात हार घेऊन एक बाई पुढे आली, पाया पडायला वाकली आणि स्फोट झाला, हे पुढच्या एकदोन दिवसांत हळूहळू कळत गेले. तिसऱ्या दिवशी तिथेच बसून मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत होतो. आई हुंदका आवरत होती. नाना मोगरा तोडत राहिले. मग त्यांनी विचारले, "हार कशाचा व्हता?"

चंदनाचा, मी म्हणालो. तसे छापले होते.

"फुलांचा नव्हता?"

"नव्हता, नाना."

त्यांनी सुस्कारा सोडला, आणि लगेच त्या सुस्काऱ्याची लाज वाटल्यासारखे खाली मोगऱ्याकडे पाहू लागले.

पण फुलांचा नसला तरी दोष हाराकडे आलाच. त्यानंतर सभांचे रूपच पालटले. व्यासपीठापुढे बांबूंचे कठडे आले, आणि व्यासपीठ व कठडे यांच्यामध्ये इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची मोकळी जागा, जिथे पोलिसांखेरीज कोणी नाही. पोलीस तिला नुसते 'डी' म्हणत. चौकटीसारखी यंत्रे आली, त्यांतून एकेकाने जायचे. कुत्री आली. हार दोन तास आधी टेबलावर ठेवायचे झाले. पुढारी हार गळ्यात घालून घेईनात. नुसता हात लावायचा आणि मागे उभ्या माणसाकडे द्यायचा. पहिल्याच सभेत एका फौजदाराने नानांचा हार कात्रीने मधोमध कापला आणि आतला पेंढा उपसून पाहिला. नाना तक्रार करीत नाहीत. ते तिथेच बसले आणि फडके बाजूला टाकून उरलेल्या फुलांचा साधा हार ओवून दिला. पण घरी आल्यावर दोन दिवस त्यांनी सुईला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी नवाच हार करायला घेतला. पेंढा नाही, फडके नाही, आत काहीच नाही. दोन धाग्यांवर फुले अशी तिरपी ओवायची की प्रत्येक दोन फुलांत बोटभर फट राहील, आणि तरी हार भरगच्च वाटेल. पुढच्या सभेत त्यांनी तो फौजदारापुढे आभाळाच्या दिशेने उचलून धरला. "बघा साहेब, पल्याडचं दिसतंय." फौजदाराने त्यातून पाहिले. त्याला मैदानाच्या कडेचे लिंबाचे झाड आणि त्यावर बसलेला कावळा दिसला, असे नाना नंतर कितीतरी दिवस सांगत. तेव्हापासून मोठ्या सभांना हार त्यांचाच जाई. ते मात्र व्यासपीठावर जात नसत. घालणारे दुसरेच असत, चौकशी झालेले, ओळखीचे.

हे सगळे मला त्या आठवड्यात वारंवार आठवत होते, कारण नानांनी या वेळी प्रथमच स्वतः हार घालायचा हट्ट धरला होता. वाळूशेठ हे पक्षाचे गावातले कार्यकर्ते, नानांचे लहानपणचे सोबती. त्यांच्याकडे नाना स्वतः जाऊन आले. मला कळले तेव्हा मी रविवारी मळ्यात गेलो आणि विचारले, आताच कशाला. नाना ओट्यावर बसले होते, दोन्ही हात मांडीखाली दाबून. "एकदा घालू दे," ते म्हणाले. "मंग सुई प्रतिभाच्या हाती." एवढेच. प्रतिभा आतून म्हणाली, माझ्या हाती कशाला, तुम्ही काय म्हातारे झालात? आई हसली नाही. मी विषय बदलला. निशिगंधाला भाव काय, असे काहीतरी विचारले.

मी लाजाळू माणूस आहे. समोरच्याच्या डोळ्यांत बघून मला बोलता येत नाही. लहानपणापासून मी बोलणाऱ्याच्या हातांकडे पाहत आलो आहे. त्यामुळे चेहऱ्यांपेक्षा मला हात अधिक ओळखीचे. आईचे हात बोलताना एकमेकांना चोळतात. वाळूशेठ अंगठी फिरवतात. आणि नानांचे हात, सुई धरलेले, हे तर मी जगात सर्वांत जास्त पाहिलेले दृश्य. म्हणून मला हे सांगणे कठीण जाते की गेल्या दोन वर्षांत मी घरी गेलो की नानांच्या हातांकडे पाहायचे टाळत होतो. त्यांनी बशीतून चहा प्यायचे सोडले आणि पेल्यातून घेऊ लागले, तेव्हा मला वाटले, शहराची सवय. दाढी स्वतः करायचे ते न्हाव्याकडे जाऊ लागले, तेव्हा वाटले, आता आराम करावासा वाटतो. सदऱ्याची गुंडी आई लावून देई, तर ते प्रेम. एकदा दुपारी ते झोपले होते आणि त्यांचा उजवा अंगठा तर्जनीवर सारखा फिरत होता, जणू झोपेतच ते अदृश्य धागा पिळत होते. मी उभा राहून पाहिले आणि मनाशी म्हणालो, स्वप्नातही हार करतायत. हे मला इतके सुंदर वाटले की पुढे काही विचार करायची गरज उरली नाही. शिवाय सुई हातात आली की हात शांत होत. एकदम, पाण्यात दगड बुडावा तसे. हार पूर्वीइतकाच नेटका होई. मग कशाला.

सभेच्या दिवशी पहाटेच मी स्कूटरवरून मळ्यात गेलो. प्रतिभाने फुले निवडून ठेवली होती आणि नाना कंदिलापाशी बसून शेवटची गाठ मारत होते. हार ओल्या टोपलीत ठेवून टेम्पोतून पुढे पाठवला, वाळूशेठबरोबर. नाना माझ्या मागे बसले. धुतलेले धोतर, कोट, पांढरी टोपी. मैदानावर पोचलो तेव्हा धुके विरून गेले होते आणि ऊन कोवळे का होईना, पडले होते. लोक स्वेटर काढून खांद्यावर टाकत होते. स्वागताला जाणाऱ्यांची रांग वेगळी होती. मला तिथे प्रवेश नव्हता. मी दोरीपलीकडे उभा राहिलो, दहा हातांवर.

टेबलावर हार ठेवला होता. कुत्र्याने तो हुंगला, झेंडूचा उग्र वास नाकात गेला असावा, आणि ते शिंकले. शिपाई हसले. दिल्लीहून आलेल्यांपैकी एक उंच अधिकारी, करडी सफारी घातलेला, पुढे आला. त्याने हार दोन्ही हातांनी उचलला, उन्हाकडे धरला आणि त्यातून पाहिले. नानांनी माझ्याकडे वळून पाहिले. त्यांचा चेहरा त्या वेळी इतका उजळला होता की मी खाली पाहिले.

मग नाना चौकटीतून गेले आणि यंत्र वाजले. पुन्हा जायला सांगितले, पुन्हा वाजले. शिपायाने हातातले यंत्र अंगावरून फिरवले तेव्हा ते टोपीपाशी किंचाळले. टोपीच्या घडीत सुई होती. फुलवाले सुई टोपीत खोचतात. हरवू नये, पायात जाऊ नये म्हणून. नाना पहाटेपासून ती तिथे विसरले होते.

"काय नाना," इथला एक हवालदार म्हणाला, "सायबाला शिवून टाकता की काय?"

"सवय हाय, दादा. टोपी घातली का सुई आलीच."

सगळे हसले, नानाही. दिल्लीचा अधिकारी हसला नाही. त्याने सुई कागदात गुंडाळून घेतली आणि नानांना बाजूला उभे राहायची खूण केली. हे नेहमीचेच असावे. ज्याच्याकडे काही सापडले त्याला जरा वेळ नुसते उभे करायचे आणि पाहायचे. हार टेबलावर होता, सुई गेली होती, हात दाबून ठेवायला मांडी नव्हती. नाना हात मोकळे सोडून उन्हात उभे होते. अधिकारी त्यांच्या तोंडाकडे पाहतच नव्हता.

त्याने इथल्या इन्स्पेक्टरला बोलावून हलक्या आवाजात हिंदीत काही सांगितले. इन्स्पेक्टर चाळिशीचा, नाशिकचाच वाटणारा माणूस. तो नानांशी बोलला, मग नानांनी दोरीकडे बोट केले आणि मला आत बोलावण्यात आले. इन्स्पेक्टरचे बोलणे सौम्य होते. त्याने मला समजावून सांगितले की त्या दक्षिणेतल्या घटनेनंतर या लोकांना एकच गोष्ट घोटून शिकवली जाते: चेहरा पाहू नका, हात पाहा. चेहरा हसतो. ज्याचे हात कारण नसताना थरथरतात त्याला नेत्याच्या हाताच्या अंतरावर सोडायचे नाही, मग तो कोणी का असेना. कारण असेल तर गोष्ट वेगळी. पलीकडे रुग्णवाहिकेपाशी डॉक्टर उभे आहेत, ते एकदा बघतील, तोंडी सांगितले तरी पुरे.

"आजार असला तर तसं सांगा," तो म्हणाला. "मी सोडतो त्यांना. त्यात काय लाजायचं?"

"थंडी हाय सायेब," नाना म्हणाले.

इन्स्पेक्टर माझ्याकडे वळला. नानाही पाहत होते. मी त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाहिले, बऱ्याच वर्षांनी. तिथे विनवणी नव्हती. बाजारात गिऱ्हाईक भाव पाडत असताना ते मला ज्या नजरेने गप्प बसवत, ती नजर होती; पण तिच्यामागे काहीतरी हलत होते, आणि ते काय आहे हे पाहायचे धैर्य मला झाले नाही. आजूबाजूला वाळूशेठ होते, हसलेला हवालदार होता, रांगेतले ओळखीचे चेहरे होते. सगळ्यांसमोर फुलवाल्याच्या हातांबद्दल ते वाक्य बोलायचे होते. ते बोललो असतो तर नाना पायऱ्या चढले असते.

"थंडीच आहे, साहेब," मी म्हणालो. "पहाटेपासून ओल्या फुलांत बसलेत."

इन्स्पेक्टरने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले. त्याच्या कपाळावर घाम होता. मग त्याने मान हलवली आणि वाळूशेठना पुढे व्हायला सांगितले.

आम्ही 'डी'च्या बाहेर, कठड्याच्या मागे उभे राहून सभा पाहिली. नेते आले, हात हलवला. वाळूशेठ हार घेऊन पुढे गेले. नेत्यांनी मान खाली घातली आणि या वेळी हार चक्क गळ्यात घालून घेतला. कोणाच्याही मनात नसताना. वाळूशेठना ते अपेक्षित नव्हते. हार त्यांच्या कानाला अडकला, गाठ खांद्यावर आली. तो दुसऱ्याच क्षणी उतरवून मागे दिला गेला. लांबून तो खूप सुंदर दिसला. फुलांच्या फटींमधून मागचा निळा पडदा दिसत होता.

"वाळ्याला गाठ बसवता येत नाय," नाना म्हणाले. "मागं न्यायची अस्ती." आणि थोड्या वेळाने, "पर मान वाकवली बरं का त्यांनी."

मी हो म्हणालो. त्यांनी हात कोटाच्या खिशात घातले होते.

भाषण संपायच्या आत आम्ही निघालो. गर्दी सुटली की वाट मिळणार नव्हती. गोदावरीच्या पुलापाशी आलो आणि पोलिसांनी सगळी वाहने अडवली. ताफा येणार होता. गाड्या बंद करा, एक शिपाई ओरडत गेला. बस, टेम्पो, रिक्षा, एकेक करत सगळी इंजिने थांबली आणि भर दुपारी रस्त्यावर विचित्र शांतता पसरली. खाली नदीचा आवाज ऐकू येऊ लागला. मीही किल्ली फिरवली. ऊन आता पाठीवर चांगलेच लागत होते. मी स्वेटर केव्हाच काढला होता. मळ्यापासून मैदानापर्यंत आणि मैदानापासून इथपर्यंत नानांचे हात माझ्या कमरेवर टेकलेले होते आणि त्यांतून एक बारीक कंप माझ्या पोटात उतरत होता. मी त्याला स्कूटरचा समजत आलो होतो. जुनी गाडी आहे, इंजिन हलते.

ताफा गेला. काळ्या काचांच्या गाड्या, मागे जीप, मग रुग्णवाहिका. नाना मागून म्हणाले, चाल आता, प्रतिभा जेवायची थांबली असंल. मी किल्लीला हात लावला नाही. मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या. बंद स्कूटरवर, भर उन्हात, तो कंप तसाच चालू होता, संथ, एका लयीत, माझ्या सदऱ्यावरून. मी माझा हात त्यांच्या हातांवर ठेवला आणि तो माझ्या हातातही आला.

नाना आजारी होते, आणि हे मला दोन वर्षांपासून ठाऊक होते.